मुनग्याचा पाला नेमका कधी तोडायचा? कोवळा, जून की निबर

मुनग्याखाली | २६ मार्च, दुपारी ३.१०

नमस्कार मंडळी,

आमचं घर नागपूरजवळ गोधनीला. मागच्या अंगणात मुनग्याची तीन झाडं आहेत (पुण्या-मुंबईकडच्यांसाठी शेवगा). एक सासूबाईंनी लावलेलं जुनं, आणि दोन आम्ही आठ वर्षांपूर्वी रोपवाटिकेतून आणलेली पीकेएम-१ जातीची. शेंगा शेजारीपाजारी वाटण्यात संपतात. आमच्याकडे खप आहे तो पाल्याचा. ताज्या पानांची भाजी, मुटके, वरणात मूठभर, आणि उरलेल्या पाल्याची वाळवून भुकटी. सासूबाईंचं वय ७८. दात नाहीत, पालेभाजी चावत नाही, म्हणून त्यांच्या भाकरीच्या पिठात रोज एक चमचा भुकटी जाते. त्यामुळे ती चांगली असावी हा माझ्यासाठी हौसेचा विषय नाही.

आता प्रश्न. गेल्या ऑगस्टमध्ये भुकटी केली, ती काळपट झाली. वासही वाळक्या गवतासारखा. दीड महिन्यात डब्यात तिचे खडे झाले. फेब्रुवारीच्या शेवटी केली, ती हिरवीगार, चिमूट जिभेवर ठेवली तर किंचित तिखट झणका लागतो. झाड तेच, हात तेच, गच्चीखालची खोली तीच, मिक्सर तोच. मधे एकदा बाजारातलं पाकीट आणून पाहिलं, ते तर तपकिरीच होतं. कुठलं ते लिहीत नाही.

तेव्हापासून ज्याला त्याला विचारते आहे. शेजारच्या काकू म्हणतात, पहाटे दव असताना तोड. आई म्हणते, दिवे लागणीला झाडाला हात लावू नये. एका दुकानदाराने सांगितलं, निबर पानात ताकद जास्त. भाजीवाली म्हणते, कोवळं सोडून काही घेऊच नका. प्रत्येकाचं बोलणं ठाम, आणि एकाचंही दुसऱ्याशी जुळत नाही.

पानातले गुण, म्हणजे जीवनसत्त्वं, लोह, कॅल्शियम आणि ते कडू-तिखट जे काय असतं ते, तोडण्याच्या वेळेनुसार खरंच बदलतात का? बदलत असतील तर किती आणि कशामुळे? माहीतगारांनी सविस्तर लिहावं ही विनंती. मोठा प्रतिसाद वाचायला मला कंटाळा नाही.

---

पानगळ | २६ मार्च, रात्री ९.४५

ताई, प्रश्न फार चांगला विचारलात. मी तीस वर्षं वनस्पतीशास्त्र शिकवलं, तेव्हा थोडं लांबण लागेल.

बदलतात. पण "गुण" म्हणून एकच एक गोष्ट पानात नसते, सगळा घोळ तिथे आहे. प्रत्येक द्रव्याचं वेळापत्रक वेगळं.

कोंबातून नुकतं बाहेर पडलेलं पान स्वतःचं पोट भरत नाही. जुनी पानं बनवतात ती साखर त्याला मिळते. पेशी लहान, भिंती पातळ, वाढीचं काम जोरात, म्हणून त्यात प्रथिनं भरपूर. पण हेच पान अळीला सगळ्यात आवडतं. कातडी जाड नाही, काटा नाही, मग वाचायचं कसं? तर रसायनांनी. म्हणून पुष्कळ झाडांच्या कोवळ्या पालवीत कडू, तिखट, तुरट द्रव्यं दाट असतात. तुम्हाला जिभेवर लागलेला झणका त्यातलाच. मुनगा हा मोहरीचा लांबचा नातेवाईक, पान चुरगळलं की मोहरीसारखीच तिखट द्रव्यं सुटतात. सध्या पिंपळाची पालवी गुलाबी दिसते, आंब्याची तांबूस दिसते, पेंचकडे गेलात तर कुसुमाची झाडं पेटल्यासारखी लाल दिसतील. तो लाल रंगसुद्धा कोवळ्या पानाचं रक्षणच करतो.

पान जून झालं की डाव बदलतो. भिंती जाड होतात, तंतू वाढतात, वर मेणाचा थर येतो. मग रसायनांवरचा खर्च कमी केला तरी चालतं. नत्र, स्फुरद, पालाश यांचं प्रमाण उतरतं. कॅल्शियम मात्र चढतच जातं, कारण एकदा पानात आलेलं कॅल्शियम परत फिरत नाही. गळायच्या आधी झाड पानातलं नत्र, स्फुरद काढून फांदीत नेतं, कॅल्शियम तिथेच राहतं. दुकानदार "ताकद जास्त" म्हणतो, त्यात कॅल्शियमपुरतं तथ्य आहे. प्रथिनांच्या बाबतीत उलट.

आणखी एक, जे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. "दर ग्रॅमला किती" आणि "एका पानात किती" हे दोन वेगळे हिशेब आहेत. पान मोठं होताना एखादं द्रव्य त्यात वाढतही असतं, पण पान त्याहून भराभर वाढतं, म्हणून टक्केवारी घसरलेली दिसते. पातेलंभर वरणात मीठ थोडं वाढवलं आणि पाणी दुप्पट ओतलं, तर अळणीच लागणार.

प्रत्येक द्रव्याचं वेळापत्रक वेगळं म्हणालो, त्याची बाहेरची दोन उदाहरणं देतो, एकमेकांच्या उलट. इंग्लंडात ऑक्सफर्डजवळच्या जंगलात पॉल फीनी नावाच्या संशोधकाने ओकच्या पानांचा अभ्यास केला, निबंध १९७० सालचा. वसंतात पानं कोवळी, प्रथिनं जास्त. उन्हाळा सरत जातो तसं टॅनिन वाढतं, पान चिवट होतं. तिथल्या एका पतंगाच्या अळ्या म्हणून वसंतातच पोट भरून घेतात. जून पानांवर त्यांची वाढ खुंटते. दुसरं चहाचं. "दोन पानं आणि एक कळी" ही तोडणी शोभेसाठी नाही. कॅफिन आणि चहातली तुरट कॅटेचिनं कोवळ्या शेंड्यात जास्त असतात, खालच्या जून पानांत कमी.

उरलेलं उद्या लिहितो.

---

जुनी शुक्रवारी | २६ मार्च, रात्री १०.२०

वाचतोय सर. उद्याची वाट पाहतो.

---

काटोलचा संत्रावाला | २७ मार्च, सकाळी ६.५०

ताई, तुमचा प्रश्न वाचून मले आमच्या बगिच्यातलं पानपरीक्षण आठवलं. चार वर्षाआधी झाडं पिवळी पडू लागली व्हती. मी दिसेल तिथून पिशवीभर पानं तोडली अन् तपासाले घेऊन गेलो. तिथल्या साहेबानं पिशवी उघडून पाह्यली अन् परत केली. म्हणे, भाऊ, याच्यात कोवळं हाय, निबर हाय, फळाजवळचं हाय, हे तपासून तुमाले काय समजणार?

मग सांगतलं कसं तोडा लागते ते. संत्र्याचं पान सहा ते आठ महिन्याचं पाह्यजे. फळ नसलेली फांदी पाह्यजे. शेंड्याकडून दुसरं, तिसरं, चौथं पान. जमिनीपासून दीड ते पावणेदोन मीटर उंचीवरचं, झाडाच्या चारी बाजूनं. नागपूरले अमरावती रोडवर लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था हाय, तिथचीच ही पद्धत. एकाच झाडाचं पान वय बदललं का आकडा बदलते, म्हणून वय ठरवूनच तोडा लागते.

तुमी भुकटीसाठी तोडता तवा हेच करा ना जी. दर खेपेले एकाच वयाचं पान तोडा. नाहीतर एका डब्याची दुसऱ्याशी बरोबरी होणारच नाई.

---

पानगळ | २७ मार्च, सकाळी ११.०५

काटोलच्या भाऊंनी नेमकं सांगितलं. माझं कालचं पुढे नेतो.

वयाइतकंच ऊनही महत्त्वाचं. क्वेर्सेटिन, केम्फेरॉल ही जी फ्लेव्होनॉइड द्रव्यं आपण आरोग्यासाठी चांगली म्हणतो, ती झाडासाठी बऱ्याच अंशी छत्री आहेत. उन्हातल्या अतिनील किरणांपासून ती पानाला वाचवतात. म्हणून एकाच झाडाच्या दक्षिणेकडच्या, उघड्या फांदीवरच्या पानात ती जास्त, आणि आतल्या सावलीतल्या पानात कमी. नागपूरचं फेब्रुवारी-मार्चचं निरभ्र ऊन आणि ऑगस्टचं ढगाळ आभाळ यांत म्हणून फरक पडतो. तुमची ऑगस्टची भुकटी काळी झाली ती मात्र मुख्यतः वाळवण्यामुळे असावी. त्यावर वेगळं लिहीन.

दोन द्रव्यांचं वेळापत्रक किती वेगळं असू शकतं, याचं माझं आवडतं उदाहरण गिंको. मूळ चीनचं झाड. औषधासाठी त्याच्या पानांचा जो प्रमाणित अर्क करतात, त्यात २४ टक्के फ्लेव्होन ग्लायकोसाइड आणि ६ टक्के टर्पीन लॅक्टोन लागतात. पहिली कोवळ्या वसंतातल्या पानात जास्त, दुसरी उन्हाळा सरता सरता वाढलेली. मग तोडायचं कधी? दोन्ही साधायची तर मधला मुहूर्त काढावा लागतो. "सर्वात उत्तम दिवस" असा एक नसतोच. तुम्हाला काय हवं ते आधी ठरवायचं.

---

तुतीवाला उमरेड | २७ मार्च, दुपारी १.३०

आमच्या धंद्यात पानाचं वय हाच धंदा आहे, म्हणून लिहितो. तीन एकर तुती आहे, रेशीम अळ्या पाळतो.

अळी अंड्यातून निघाल्यावर पहिल्या दोन अवस्था, म्हणजे चॉकी, तिला फक्त कोवळं पान. तेही कुठलंही नाही. फांदीच्या शेंड्याकडे पाहिलं की एक पान सगळ्यात चकाकतं, पिवळसर हिरवं, पूर्ण उघडलेलं. आम्ही आधी ते शोधतो आणि तिथून खाली मोजून पान घेतो. हाताला रेशमासारखं मऊ लागलं पाहिजे, देठ नखाने चटकन तुटला पाहिजे. चॉकीचं पान छाटणीनंतर २५-३० दिवसांत येतं. मोठ्या अळ्यांना ४५ ते ६० दिवसांच्या फांद्या. उलटं केलं की नुकसान. लहान अळीला जून पान दिलं तर ती कुरतडू शकत नाही, उपाशी राहते. मोठ्या अळीला कोवळं दिलं तर पाणी जास्त होऊन रोग येतो. एकूण पाल्यातला ८० टक्क्यांवर पाला शेवटच्या अवस्थेतच खाल्ला जातो, तेव्हा तिथे चूक झाली तर कोश हातचे जातात. सुरुवातीला माझी एक बॅच अशीच गेली. पाला कमी पडला म्हणून शेंडे खुडून टाकले होते.

तोडणी सकाळी, ऊन चढायच्या आत. कारण गुणाचं कमी, पाण्याचं जास्त. दहानंतर तोडलेलं पान टोपलीतच मान टाकतं. तोडल्याबरोबर ओल्या गोणपाटाखाली.

रेशीम संचालनालय आपल्या नागपुरातच आहे. तिथल्या प्रशिक्षणात हे हाताला धरून शिकवतात. ज्यांना पानात रस आहे त्यांनी एकदा जरूर जावं.

---

मुनग्याखाली | २७ मार्च, सायंकाळी ६.१५

काटोलचे भाऊ, उमरेडचे भाऊ, खूप आभार. पाला कमी पडला की शेंडे खुडायचे, हे मीही करते. भाजीला चालतं, भुकटीत मिसळल्यामुळेच दर डब्याचा रंग वेगळा येत असणार.

सर, एक विचारते. तुतीची पानं साखरेच्या रुग्णांना सांगतात, त्यातही हाच वयाचा हिशेब लागतो का?

---

पानगळ | २७ मार्च, रात्री ८.४०

लागतो. तुतीतलं ते द्रव्य म्हणजे डीऑक्सीनोजिरिमायसिन. १९७६ साली जपानी संशोधकांनी तुतीच्या मुळाच्या सालीतून ते वेगळं केलं. आतड्यात पिष्टाची साखर करणाऱ्या विकरांना (एन्झाइमना) ते अडवतं. कोवळ्या शेंड्यांत जास्त, जून पानांत कमी. पण गोळ्या चालू असलेल्यांनी स्वतःच्या मनाने तुती सुरू करू नये. साखर अचानक खाली जाऊ शकते.

---

वैद्य महाल | २८ मार्च, सकाळी ७.३०

जुन्यांनी यावर किती बारीक विचार केला होता, ते इथे नोंदवावंसं वाटतं. चरकसंहितेच्या कल्पस्थानात औषधी गोळा करण्याचे ऋतू दिले आहेत. फांद्या आणि पानं वर्षा व वसंतात, मुळं ग्रीष्मात किंवा शिशिरात, साल, कंद आणि चीक शरदात, गाभ्याचं लाकूड हेमंतात, फुलं-फळं ज्या त्या ऋतूत. पानांसाठी तिथे "अचिरप्ररूढ" हा शब्द आहे. फुटून फार दिवस न झालेली पानं. सुश्रुतात तर अशा ऋतुवार यादीवर आक्षेपही आहे. सौम्य गुणाची औषधं सौम्य ऋतूत आणि आग्नेय औषधं आग्नेय ऋतूत घ्यावीत, असं तिथलं म्हणणं. म्हणजे तेव्हाही एकमत नव्हतं, वाद घालून ठरवत होते.

नुकताच पाडवा झाला. कडुनिंबाची कोवळी पानं आणि फुलं, त्यात गूळ, जिरं, ओवा, हिंग, मीठ. आपल्याकडे कडुनिंब फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं गाळतो आणि चैत्रात तांबूस पालवी येते. वर्षात इतकं कोवळं, चावता येण्यासारखं पान त्याच सुमारास मिळतं. माझे आजोबा नागपूरच्या महाल भागातल्या घरी पाडव्याचा पाला झाडाच्या पूर्वेच्या फांदीचाच घ्यायचे. कारण विचारलं नाही कधी, आता वाटतं विचारायला हवं होतं.

गर्भवतींनी कडुनिंब पोटात घेऊ नये. आणि तान्ह्या बाळाला निंबोळीचं तेल चुकूनही पाजू नये, त्याने जीव गेल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत.

---

अंबाझरीकर | २८ मार्च, सकाळी ९.००

सकाळ की संध्याकाळ यावर कोणी बोललं नाही, म्हणून एक गंमत सांगतो. घरी पानफुटी आहे ना? सकाळी सहाला तिच्या पानाचा तुकडा चावून थुंका. संध्याकाळी पाचला पुन्हा. मी काल केलं. सकाळी कैरीइतकं आंबट, संध्याकाळी पाणचट. बेंजामिन हाइन नावाचा कंपनी सरकारचा वनस्पतीशास्त्रज्ञ होता, त्याने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतातच हे चव घेऊन टिपलं आणि लंडनला कळवलं. ही वनस्पती रात्री हवा आत घेऊन आंबट आम्ल साठवते आणि दिवसा ते वापरून टाकते.

तर वेळेचा फरक बारा तासांतही पडतो!

---

पानगळ | २८ मार्च, सकाळी १०.१०

उत्तम प्रयोग. फक्त मुनगा, कडुनिंब, तुती या वाटेने जात नाहीत, त्यांची हवा दिवसाच आत जाते. त्यांच्यात दिवसभरात साखर आणि पिष्ट वाढतं, रात्री खर्च होतं. म्हणून संध्याकाळचं पान किंचित गोडसर, सकाळचं पाणीदार. घरगुती भुकटीसाठी या फरकाच्या मागे लागू नका. सकाळी दव सुकलं की, ऊन तापायच्या आत तोडा. दव असताना तोडलेलं पान ढिगात उबतं, पहिला काळपटपणा तिथेच येतो. शेजारच्या काकूंना हे जरूर सांगा. वय आणि वाळवणं, या दोन गोष्टी पहाटेच्या मुहूर्तापेक्षा कितीतरी मोठ्या.

आता वाळवण्याविषयी. पान तोडलं तरी ते लगेच मरत नाही. श्वास चालू असतो, आतली विकरं काम करत असतात. कापलेलं वांगं काळं पडतं तीच क्रिया. पाणी जितकं लवकर जाईल तितकं हे लवकर थांबतं. ऑगस्टमध्ये नागपूरची हवा ओली, पान चार-पाच दिवस अर्धवट ओलं राहतं आणि तेवढ्या वेळात सगळं होऊन जातं. उन्हात टाकलं तर पाणी झटकन जातं, पण ऊन कॅरोटीन आणि क जीवनसत्त्व दोन्ही खाऊन टाकतं. म्हणून सावली, वारा आणि पातळ थर. पावसाळ्यात करायचीच असेल तर पानं आधी मिनिट-दीड मिनिट वाफेवर धरा. विकरं थांबतात, रंग टिकतो. थोडं क जीवनसत्त्व जाईल, पण बाकीचं वाचेल. जपानात हिरवा चहा असाच आधी वाफवतात.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यात मुनग्याच्या १०० ग्रॅम ताज्या पानांत ४४० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि २२० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व दिलं आहे. २०१७ च्या नव्या तक्त्यात तेच ३१४ आणि १०८. एकाच भाजीचे, एकाच संस्थेचे दोन आकडे. जात, माती, पानाचं वय, मोजण्याची पद्धत, सगळं त्यात येतं. पाकिटावर छापलेल्या आकड्याकडे पाहताना हे आठवा.

---

नंदनवनची आई | २८ मार्च, दुपारी १२.२०

उन्हाळ्यात कूलरच्या खोलीत वाळत घालू नका हो. मी कढीपत्ता घातला होता, चौथ्या दिवशी पांढरी बुरशी. कूलरची हवा ओली असते हे डोक्यातच आलं नाही.

---

काटोलचा संत्रावाला | २८ मार्च, रात्री ७.४०

निंबोळीचं पण असंच हाय जी. पाच टक्के अर्क कराचा तर पाच किलो निंबोळीची भरड अन् शंभर लिटर पाणी. पण निंबोळी कोणती? जून-जुलैत पिवळी होऊन नुकतीच पडलेली. काळी पडलेली, बुरशी धरलेली घेतली का फवारा वाया. सावलीतच सुकवा लागते. अन् फवारा संध्याकाळी मारा. ऊन लागलं का त्याच्यातलं किडीवर चालणारं द्रव्य, अॅझाडिरॅक्टिन, उडून जाते.

---

पानगळ | २८ मार्च, रात्री ८.००

भाऊ, अगदी बरोबर. ते द्रव्य १९६८ साली वेगळं केलं तेही निंबोळीतूनच. पानात ते फार थोडं असतं. नुसता पाला उकळून फवारणारे म्हणून निराश होतात.

---

मुनग्याखाली | २ एप्रिल, सायंकाळी ५.००

ठरवलं. आज पीकेएमच्या एका झाडाच्या शेंगांवर पाणी सोडलं आणि ते कमरेच्या उंचीवर छाटलं. आता याच झाडाची पानं तीन वेळा घेणार. तीन आठवड्यांनी, चाळीस दिवसांनी आणि अडीच महिन्यांनी. दर वेळी दक्षिणेच्या उघड्या फांद्यांवरचीच, सकाळी आठला, धुऊन, पंचावर निथळून, सावलीत. सुटी केलेली पानं दर वेळी बरोबर एक किलो. घरात प्रयोगशाळा नाही, पण तराजू आहे, नाक आहे, जीभ आहे.

---

जुनी शुक्रवारी | २ एप्रिल, सायंकाळी ५.३०

वा! ताई, डब्यांवर तारखा लिहा.

---

मुनग्याखाली | १३ मे, रात्री ९.३०

दोन खेपा झाल्या, तोवर लिहून ठेवते.

२३ एप्रिलची पानं इतकी मऊ की देठावरून ओरबाडताना बोटांना हिरवा ओलावा लागत होता. कच्चं पान चावलं तर आधी गोडसर, मग नाकात मोहरीसारखी झिणझिण. एक किलोची भुकटी दोनशे ग्रॅमला जरा कमीच भरली. रंग पोपटी. धुताना पुष्कळ पानं चुरगळली, आणि चुरगळली तिथे वाळताना काळे डाग पडले. म्हणजे कोवळ्याला हात जपून लावायला हवा.

काल चाळीस दिवस झाले. पान गडद हिरवं, वाकवलं तर वाकतं, मोडत नाही. शिरा हाताला लागतात पण टोचत नाहीत. तिखटपणा आहे, पहिल्याइतका नाही. बाहेर ४४ अंश, त्यामुळे कालपासून आज संध्याकाळपर्यंत, दीड दिवसात, पान मुठीत धरलं की कुरकुर वाजून चुरा. कूलर शेजारच्या खोलीत, मधलं दार बंद. भुकटी सव्वादोनशेच्या आसपास. रंग फेब्रुवारीतल्यासारखाच. सासूबाईंनी भाकरी खाल्ली आणि आपणहून म्हणाल्या, आज वास चांगला आहे.

फेब्रुवारीतलं पानही नोव्हेंबरच्या शेवटी छाटलेल्या फांदीवर थंडीत सावकाश वाढलेलं होतं. दिवस जास्त, पण पान हाताला असंच लागलं होतं. दिवस मोजण्यापेक्षा बोटांनी ओळखणं बरं, असं दिसतंय.

---

तुतीवाला उमरेड | १४ मे, सकाळी ६.००

ताई, शेवटचं वाक्य आमच्या कामातलं आहे. थंडीत आमचंही पान दहा-बारा दिवस उशिरा तयार होतं. कॅलेंडर फक्त अंदाज देतं.

---

मुनग्याखाली | २२ जून, दुपारी ४.१५

तिसरी खेप १६ जूनला घेतली. पहिला पाऊस आदल्या रात्री पडून गेला होता. पानं निबर, कडेला पिवळट, काही नागअळीने कोरलेली. देठ काढताना साल सोलून येत होती. चवीला तिखट जवळजवळ नाही, गवताळ आणि किंचित तुरट. वजन मात्र अडीचशेच्या वर भरलं. दुकानदाराची ताकद बहुतेक हीच, एका किलोला माल जास्त.

अर्धी पानं सरांनी सांगितल्याप्रमाणे इडलीपात्रात दीड मिनिट वाफवली, अर्धी तशीच. दोन्ही एकाच पंचावर, मधे दोरी ठेवून. तिसऱ्या दिवशी न वाफवलेली बाजू मातकट झाली. वाफवलेली गडद हिरवी राहिली, फक्त वाळायला अर्धा दिवस जास्त लागला. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं नसतं तर पावसाळ्यात भुकटी होतच नाही, असंच म्हणत राहिले असते.

दळल्यावर निबर पानांची भुकटी चाळणीत पुष्कळ उरली. तंतूच तंतू. सासूबाईंसाठी ती वापरणार नाही, कुंड्यांत जाईल.

सर, एक शंका राहिली. सासूबाईंना कॅल्शियमही हवं आहे. मग निबर पानांतलं वाढलेलं कॅल्शियम सोडून द्यायचं?

---

पानगळ | २२ जून, रात्री ९.१०

सोडून द्या. त्यातलं किती अंगी लागेल हा वेगळा प्रश्न, आणि चाळणीत उरलेल्या चोथ्याबरोबर त्यातला काही भाग जाणारच. तुमच्या चाळीस दिवसांच्या खेपेसारख्या, मधल्या वयाच्या पानात कॅल्शियम पुरेसं असतं, प्रथिनं टिकून असतात, आणि म्हाताऱ्या माणसाला पचतं. बाकी कॅल्शियम दुधा-दह्यातून आणि नाचणीतून द्या. त्यांना रक्तदाबाची, साखरेची किंवा थायरॉइडची गोळी चालू असेल तर रोजच्या चमचाभर भुकटीचं डॉक्टरांच्या कानावर घाला.

निबर पानं वाया गेली असं मानू नका. झाडाने त्यांच्यातलं नत्र परत घ्यायच्या आत तुम्ही ती तोडलीत, कुंडीतल्या मातीला ते मिळेल.

---

वैद्य महाल | २३ जून, सकाळी ७.१५

गोळीबद्दल सरांनी लिहिलं ते महत्त्वाचं. रुग्ण आम्हाला सगळं सांगतात, भाकरीच्या पिठात काय मिसळतात ते सांगत नाहीत.

---

मुनग्याखाली | २३ जून, सकाळी ११.४०

रक्तदाबाची गोळी आहे. उद्याच विचारते.

तेच झाड आज पुन्हा छाटलं. आताच्या पावसात फूट जोरात येईल, म्हणून तेहतीस-चौतीस दिवसांपासूनच रोज बोटांनी पान वाकवून पाहीन. इडलीपात्र तयार आहे. छाटलेल्या जाड फांद्या कुंपणाजवळ ओल्या पोत्याखाली ठेवल्या आहेत, हातभर लांबीचे अकरा तुकडे. मुनगा फांदीने लागतो. गोधनीपर्यंत येऊ शकणाऱ्यांनी रविवारच्या आत न्यावेत. काटोलच्या भाऊंसाठी दोन बाजूला काढले आहेत.

---

काटोलचा संत्रावाला | २३ जून, दुपारी १२.०५

येतो जी. येताना पिशवीभर पिवळ्या निंबोळ्या घेऊन येतो, आमच्या धुऱ्यावर सडा पडला हाय.